तलाव बुजवायचा की गळती शोधायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात १९६८ साली बांधलेला गावचा जलतरण तलाव आहे. सहा लेनचा, खोल टोकाला उडी मारायची फळी, शेजारी लहान मुलांसाठी गुडघाभर पाण्याचं टाकं. तलाव गळतो. तो बुजवावा आणि वाचलेल्या पैशांत तीन बागांमध्ये स्प्लॅश पॅड करावीत, म्हणजे जमिनीतून उडणाऱ्या फवाऱ्यांची अंगणं, असा प्रस्ताव सिटी कौन्सिलपुढे आला आहे. जनसुनावणी तीन आठवड्यांवर आहे. तिथल्या मराठी कुटुंबांतही दोन तट पडलेत. ज्यांची मुलं दोन-तीन वर्षांची आहेत ते पॅडच्या बाजूने, आणि ज्यांची मुलं मोठी आहेत किंवा ज्यांच्याकडे आई-वडील येऊन राहतात ते तलावाच्या बाजूने. विचारणाऱ्या ताई लिहितात, "दोघांचंही पटतं. सुनावणीत नेमकं बोलायचं काय?"

मी मूळची सांगलीची. कृष्णेच्या घाटावर आजोबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला पाण्यात सोडलं आणि दुसऱ्या उन्हाळ्यात तो भोपळा सोडवला. लग्नानंतर टेक्सासला आले. मुलीला पोहायला शिकवायचं म्हणून गावच्या तलावावर जायला लागले, तिथेच शिकवायला लागले, मग पंप, फिल्टर आणि पाण्याची रसायनं शिकून पूल ऑपरेटरचं प्रमाणपत्र घेतलं. गेली २६ वर्षं एका शहराच्या पार्क विभागात हेच काम करते. या काळात दोन तलाव बुजताना पाहिले, एक वाचवला आणि तीन स्प्लॅश पॅड स्वतः चालू केली. त्यामुळे पॅडला माझा विरोध आहे असं कुणी समजू नये. माझं म्हणणं एवढंच आहे की स्प्लॅश पॅड हे त्या गुडघाभर पाण्याच्या टाक्याची जागा घेतं, आणि ती फार चांगली घेतं. सहा लेनच्या तलावाची जागा ते घेत नाही. तुमच्या कौन्सिलने या दोन वेगळ्या गोष्टी एका ओळीत लिहिल्यात, म्हणून तुम्हाला दोघांचंही पटतंय.

आधी गळतीचं बोलू. "तलाव गळतो" एवढं म्हटलं की सभेतले लोक मान डोलावतात आणि पुढचा विषय सुरू होतो. डॉक्टरने "ताप आहे" एवढंच सांगून ऑपरेशनची तारीख द्यावी, तसं हे झालं. पाणी कुठून जातं? दिवसाला किती जातं? पंप चालू असताना जास्त जातं की बंद असताना? या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं आल्याशिवाय तलाव बुजवण्यावर मतदान होऊ नये, हे सुनावणीतलं तुमचं पहिलं वाक्य असू द्या.

पाणी कमी झालं म्हणजे सगळं गळलंच असंही नाही. टेक्सासच्या उन्हाळ्यात उघड्या तलावाची पातळी नुसत्या उन्हाने दिवसाला ६ मिलिमीटरच्या आसपास उतरू शकते. २५ यार्ड लांब आणि ४५ फूट रुंद तलावाला हा हिशेब रोज ५०० गॅलनांच्या आसपास जातो. मुलं उड्या मारतात तेव्हा काठावर उडणारं पाणी वेगळं, फिल्टर धुताना सोडलेलं वेगळं. हे सगळं वजा करून उरेल ती गळती. आणि ती बहुतेक वेळा काँक्रीटच्या भांड्यातून नसते. माझ्या अनुभवात ती जमिनीखालच्या पाइपांतून असते, पृष्ठभागावरचं पाणी आणि कचरा ओढून घेणाऱ्या स्किमरच्या तोंडाशी असते, पाण्याखालच्या दिव्यांच्या खोबणीत असते, दोन स्लॅबांच्या जोडात असते. पंप चालू असताना पातळी भराभर उतरत असेल तर परतीच्या, दाबाखालच्या पाइपावर संशय घ्यायचा. दोन्ही वेळा सारखीच उतरत असेल तर मग भांडं तपासायचं. पाइपांची तोंडं बंद करून त्यांत दाब भरला की कुठला पाइप दाब धरत नाही ते त्याच दिवशी कळतं. ही चाचणी करणारे लोक तुमच्या भागात सहज मिळतात, आणि तिचा खर्च सल्लागाराच्या रंगीत अहवालापुढे किरकोळ असतो.

तुमच्याकडे पाइप का तुटतात, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तुमचं उपनगर ब्लॅकलँड प्रेअरी नावाच्या काळ्या मातीच्या पट्ट्यावर बसलंय. ती माती म्हणजे आपली काळी कापसाची जमीनच. शास्त्रज्ञ दोन्ही माती एकाच गटात घालतात. 'ह्यूस्टन ब्लॅक' ही काळी माती तर टेक्सासची प्रातिनिधिक माती मानली जाते. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून अशा भेगा पडतात की त्यात हात जावा. सोलापूरकडे घराच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात त्या याच मातीने. अशा जमिनीत १९६८ साली पुरलेले लोखंडी पाइप पन्नासहून जास्त उन्हाळे-पावसाळे ओढाताण सोसत आलेत. ते तुटले यात नवल नाही. मात्र पाइप बदलता येतात. जुने जमिनीत तसेच सोडून काठाच्या कडेने नवे टाकता येतात. भांड्याला चिरा असतील तर आतून पीव्हीसीचं जाड अस्तर लावता येतं. हे स्वस्तात होत नाही, पण तलाव फोडून, राडारोडा उचलून, खड्डा थर देत दाबून भरणं हेही स्वस्तात होत नाही. प्रस्तावाच्या आकड्यांत हा दुसरा खर्च धरलाय का, ते जरूर बघा. मी पाहिलेल्या दोन्ही प्रकरणांत तो नंतर निघाला.

आता एक गोष्ट, जी या सगळ्या उत्तरात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निर्णय होईपर्यंत तलाव रिकामा करू देऊ नका. काँक्रीटचा तलाव म्हणजे जमिनीत बसवलेली नाव. आत पाणी आहे तोवर तिचं वजन तिला खाली धरून ठेवतं. पाणी काढलं आणि भोवतालच्या जमिनीत पावसाचं पाणी साचलं की खालून दाब येतो. तळाशी तो दाब सोडण्यासाठी झडप असते, पण जुन्या तलावात ती गंजून बसलेली असते. शिवाय काळी माती भिंतींना बाहेरून रेटते. एका शहरात, नाव घेत नाही, सप्टेंबरात पाहणीसाठी म्हणून तलाव रिकामा केला आणि तसाच ठेवला. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला. मार्चमध्ये आम्ही कुलूप उघडून आत गेलो तेव्हा खोल बाजूचा तळ वर उचललेला होता आणि आडवी चीर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेलेली. सप्टेंबरात जो तलाव पाइप बदलून चालला असता, तो मार्चमध्ये खरोखरच बुजवण्याच्या लायकीचा झाला होता. कुणाचा वाईट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी मी काठावर बसून रडले होते, आणि म्हणून हे तुम्हाला आधी सांगतेय.

आता स्प्लॅश पॅड. त्याचे गुण खरे आहेत आणि ते मोकळेपणाने मान्य करा, नाहीतर सुनावणीत लहान मुलांच्या आया तुमच्या विरोधात जातील, आणि त्यांचं बरोबरच असेल. उघडा तलाव मे अखेरीपासून जेमतेम अडीच-तीन महिने चालतो. पॅड एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालू शकतं. तिकीट नाही, कपडे बदलायची खोली नाही, बाबागाडी थेट पाण्यापर्यंत नेता येते. पाणी साचत नाही म्हणून बुडण्याचा धोका जवळजवळ संपतो. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला तर ते वरदान आहे. सॅन अँटोनियोला मॉर्गन्स इन्स्पिरेशन आयलंड नावाचं पाण्याचं उद्यान २०१७ मध्ये उघडलं, तिथे विजेऐवजी दाबाच्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या आहेत, त्या भिजल्या तरी चालतात. मी तिथे अख्खी दुपार बसून होते. जी मुलं एरवी काठावर टॉवेल सांभाळत बसतात ती फवाऱ्याच्या मधोमध होती.

पण पॅड विकायला येणारे लोक म्हणतात, "पाणी साचत नाही म्हणजे देखभाल नाही." हे खरं नाही. पॅड दोन प्रकारचं असतं. एकात नळाचं पाणी येतं, उडतं आणि गटारात जातं. मिनिटाला १०० गॅलन धरा आणि दिवसाचे ८ तास धरा, ४८,००० गॅलन झाले, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार लिटर. चार दिवसांत तुमच्या त्या अख्ख्या तलावाएवढं पाणी. बटण दाबल्यावरच सुरू होणारे फवारे बसवले तर हे बरंच कमी होतं, पण दुष्काळाचे निर्बंध लागले की असं वाहतं पॅड बंद ठेवण्याची वेळ येते, आणि ती वेळ नेमकी ऑगस्टात येते. कृष्णाकाठावरच्या माणसाला पाण्याची चैन वाटते, पण मी जतच्या नातेवाइकांकडे टँकरची वाट बघत उभी राहिलेय. पिण्याचं पाणी दिवसभर गटारात सोडणं मला बघवत नाही.

दुसऱ्या प्रकारात पाणी जमिनीखालच्या टाकीत परत जातं, गाळून, क्लोरीन घालून पुन्हा उडतं. इथे नीट लक्ष द्या. सहा लेनच्या तलावात जवळजवळ दोन लाख गॅलन पाणी असतं. पॅडखालच्या टाकीत काही हजार गॅलन. मुलं मात्र तेवढीच, बरीचशी डायपरमधली, आणि लहान मुलं फवाऱ्यावर बसतात, त्यात तोंड घालतात. अंगावरून निथळलेलं सगळं त्या छोट्या टाकीत जातं आणि काही मिनिटांत दुसऱ्याच्या तोंडावर उडतं. शिवाय हवेत उडणाऱ्या पाण्यातला क्लोरीन उन्हात भराभर जातो.

आणि क्लोरीन पुरेसा असला तरी एक जीव त्याला दाद देत नाही, क्रिप्टोस्पोरिडियम, म्हणजे जुलाब लावणारा सूक्ष्म परजीवी. पाण्यात क्लोरीनचं प्रमाण १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, असेल तर ई. कोलाय हा जंतू मिनिटाच्या आत मरतो. क्रिप्टो दहा दिवस तग धरतो. २००५ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका लेक स्टेट पार्कमधल्या फवाऱ्यांमुळे हजारो लोकांना जुलाब लागले. त्यानंतर त्या राज्याने अशा फवाऱ्यांच्या पाण्यावर अतिनील किरणांची यंत्रणा सक्तीची केली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १९९७ ते २०२२ या काळातली गणती केली. स्प्लॅश पॅडमधून पसरलेल्या आजारांचे ६० उद्रेक, १०,६११ रुग्ण, आणि त्या रुग्णांतले दहांत नऊ क्रिप्टोचे. त्या उद्रेकांत मृत्यू नोंदला गेला नाही. पण तुमच्यापासून तासाभरावरच्या आर्लिंग्टनमध्ये सप्टेंबर २०२१ मध्ये एक लहान मूल गेलं. सार्वजनिक पॅडच्या पाण्यातून मेंदू खाणारा अमिबा नाकावाटे शरीरात गेला होता. चौकशीत दिसलं की रोज पॅड उघडण्याआधी करायची पाण्याची तपासणी काही दिवस झालीच नव्हती किंवा लिहिली नव्हती. शहराने आपली सगळी पॅड बंद केली.

हे घाबरवायला सांगत नाही. नीट चालवलेलं पॅड सुरक्षित असतं, माझी नात त्यात खेळते. पण नीट चालवणं म्हणजे रोज सकाळी माणूस जाणार, पाणी तपासणार, वहीत लिहिणार. अतिनील दिवा लागणार, तो ठरावीक तासांनी बदलावा लागणार. एखाद्या मुलाला जुलाब झाले तर पॅड बंद करून २० पीपीएम क्लोरीन जवळजवळ १३ तास फिरवत ठेवावा लागणार. जुलैतल्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी हे केलंय. वाढदिवसाला आलेली चाळीस मुलं रडत होती आणि पालक माझ्यावर ओरडत होते. तीन बागांत तीन पॅड म्हणजे हे तीन ठिकाणी. तुमच्या प्रस्तावात या माणसाचा पगार कुठल्या ओळीत आहे, ते शोधा. ती ओळ नसेल तर त्यांना पॅडचा खर्च अजून माहीत नाही.

सुनावणीला गेलात की तुम्हाला आणखी एक गोष्ट जाणवेल. काही वयस्कर कृष्णवर्णीय शेजारी तलाव बंद होण्याविषयी फार तीव्रतेने बोलतील. गळतीच्या चर्चेत एवढा राग कुठून आला असं आपल्या लोकांना वाटतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही कळलं नव्हतं. नंतर एका सहकाऱ्याने जेवणाच्या सुट्टीत बसवून सांगितलं. सेंट लुईसच्या फेअरग्राउंड पार्कचा तलाव जून १९४९ मध्ये काळ्या मुलांना खुला केला, त्याच दिवशी बाहेर हजारोंचा जमाव जमून मारहाण झाली. पुढे कोर्टाने तलाव सर्वांना खुला करायला लावला तेव्हा गोऱ्यांनी पाठ फिरवली आणि १९५६ मध्ये तो बंदच झाला. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहराला १९६० च्या दशकात कोर्टाने भेदभाव बंद करायला सांगितल्यावर शहराने आपले तलाव सगळ्यांसाठीच बंद केले. हे प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला की सगळ्यांनाच बंद केलं म्हणजे भेदभाव झाला नाही.

हे ऐकताना मला चवदार तळं आठवलं. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये ठराव करून तळं सर्वांना खुलं केलं होतं, तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि त्यानंतर नगरपालिकेने तो ठरावच मागे घेतला. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. जातिभेद आणि वर्णभेद एकच नव्हेत, पण सार्वजनिक पाण्यावर कुणाचा हक्क हा प्रश्न काय असतो ते आपल्याला परका माणूस येऊन सांगायला नको. तेव्हा त्या आजोबा-आजींच्या शेजारी जाऊन बसा. तुमच्या बाजूने बोलणारे सगळ्यात जाणते लोक तेच आहेत.

त्या इतिहासाचा हिशेब आजही चालू आहे. अमेरिकेत १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बुडणं हे आहे. २०२० ते २०२२ या वर्षांत दरवर्षी साडेचार हजारांहून जास्त माणसं बुडून गेली. चार कोटी प्रौढांना पोहता येत नाही, निम्म्याहून जास्त प्रौढांनी कधी पोहण्याचा वर्ग केलेला नाही, आणि कृष्णवर्णीयांत न पोहता येणाऱ्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहे. ज्यांच्या आई-वडिलांना तलावात शिरू दिलं नाही त्यांना शिकवणार कोण? आपल्या लोकांची स्थितीही फार वेगळी नाही. पुण्या-मुंबईत फ्लॅटमध्ये वाढून इकडे आलेले कितीतरी तरुण आई-बाबा मुलांना वर्गाला सोडतात आणि स्वतः काठावर बूट घालून उभे राहतात.

पॅडमध्ये पोहायला शिकता येत नाही. एवढी साधी गोष्ट आहे, पण प्रस्तावाच्या चाळीस पानांत ती कुठे लिहिलेली नसते. पाठीवर तरंगायला, तोंड पाण्याबाहेर ठेवून काठ गाठायला, पाय टेकत नाहीत हे कळल्यावर न घाबरायला पाणी लागतं, आणि ते छातीच्या वर लागतं. २००९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात १ ते ४ वर्षांच्या मुलांत रीतसर शिकवणीचा संबंध बुडण्याचा धोका ८८ टक्क्यांनी कमी असण्याशी दिसला. अभ्यास लहान होता, त्या आकड्याला मी देव्हाऱ्यात ठेवत नाही. पण २६ वर्षांत जे पाहिलं त्याच्याशी तो जुळतो.

आणि बारा-तेरा वर्षांची मुलं? १०४ फॅरनहाइटच्या दुपारी ती फवाऱ्यात दुडदुडणाऱ्या बाळांमध्ये जाणार नाहीत. ती तळ्याकडे जातील. तुमच्या भोवतालची तळी म्हणजे धरणांचे जलाशय आहेत. पाणी गढूळ, तळ एकदम उतरता, खाली बुडालेली झाडं. गावचा तलाव असतो तिथे ही मुलं जीवरक्षकाच्या नजरेखाली मुटके मारतात. तलाव गेला म्हणून मुलांची पाण्याची ओढ जात नाही.

जीवरक्षक मिळत नाहीत, हे कौन्सिलचं आणखी एक कारण असेल. कारण खरं आहे. २०२० मध्ये प्रशिक्षण वर्ग बंद पडले, परदेशातून उन्हाळी कामाला येणारी मुलंही थांबली, आणि पुढची काही वर्षं देशभर ओढाताण होती. पण जीवरक्षक येतो कुठून? आठव्या वर्षी शिकायला आलेली मुलगी बाराव्या वर्षी गावच्या संघात पोहते, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी सात फुटांवरून दहा पौंडांची वीट वर आणून परीक्षा पास होते. आज तलाव बंद केला तर दहा वर्षांनी शेजारच्या गावातसुद्धा जीवरक्षक मिळायचे नाहीत. पगार वाढवणं आणि प्रशिक्षणाची फी शहराने भरणं हा उपाय आम्ही केला आणि त्याने फरक पडला.

आजी-आजोबांचा मुद्दा तुमच्याकडे कुणीतरी मांडलाच असेल. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईचे गुडघे दुखतात, गाडी चालवता येत नाही, उन्हात चालवत नाही. सकाळी सात ते आठ कमरेएवढ्या पाण्यात चालायला येणाऱ्या अशा बायका माझ्याकडे दर उन्हाळ्यात असतात. पंजाबी ड्रेस घालून पाण्यात उतरू देत नाहीत म्हणून त्या आधी बिचकतात. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा पोशाख मिळतो हे सांगितलं की दुसऱ्या दिवशी तिघी येतात.

मग मधला मार्ग काय? आम्ही जो तलाव वाचवला तिथे असं केलं: गुडघाभर पाण्याचं टाकं काढलं आणि त्याच जागी पॅड केलं. तलावाची उडीची फळी काढली, खोली साडेबारावरून सात फुटांवर आणली, पाणी आणि क्लोरीन दोन्ही वाचले. सहाच्या सहा लेन राहिल्या. पाइप नवे टाकले. एका बाजूने उतार केला, म्हणजे चाकाची खुर्ची आणि गुडघे दुखणारी आजी दोघांनाही उतरता येतं. आणि पॅडची टाकी, पंप, फिल्टर तलावापासून पूर्ण वेगळे ठेवले. या शेवटच्या गोष्टीवर तुम्हीही अडून बसा. ठेकेदार पैसे वाचवायला दोन्हींचं पाणी एकत्र फिरवायचं सुचवतात, आणि मग पॅडमधला क्रिप्टो तलावात येतो.

डॅलस शहराने वेगळी वाट धरली. जुने छोटे तलाव जाऊन थोडी मोठी जलकेंद्रं आली, पहिली २०१८ मध्ये उघडली, पैशाचा एक भाग रे हबर्ड सरोवराकाठची पार्कची जमीन विकून उभा राहिला. केंद्रं सुंदर आहेत. पण ज्या मुलाला सायकलवर टॉवेल टाकून जाता येत होतं त्याला आता कुणीतरी गाडीने सोडावं लागतं. तुमच्याकडे "शेजारच्या शहरात मोठं केंद्र आहेच की" असं कुणी म्हणालं तर सकाळी दहा वाजता, दोघं नोकरीवर असलेल्या घरातलं मूल तिथे कसं पोहोचेल, ते विचारा.

"मग पुढे बघू, सध्या फक्त बंद ठेवू" हा पर्यायही स्वीकारू नका. न्यूयॉर्कने १९३६ च्या एका उन्हाळ्यात ११ मोठे तलाव उघडले होते. त्यातला ब्रुकलिनमधला मॅकॅरेन पार्कचा तलाव १९८० च्या दशकात बंद पडला, दुरुस्तीवरून शेजाऱ्यांतच भांडणं झाली आणि तो पुन्हा उघडायला २०१२ उजाडलं. खर्च सुमारे ५ कोटी डॉलर.

आकड्यांची तुलना होईल तेव्हा एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. तलावावर येणारे लोक तिकिटाने मोजले जातात. पॅडवर येणारे अंदाजाने, किंवा बटण किती वेळा दाबलं त्यावरून. एकच मूल बटण वीस वेळा दाबतं. त्यामुळे "दर माणशी खर्च" पॅडचा नेहमी कमी दिसतो. त्याशेजारी दुसरी संख्या मागा: गेल्या पाच उन्हाळ्यांत या तलावात किती मुलं पोहायला शिकली, आणि प्रतीक्षायादीत किती राहिली. ही माहिती पार्क विभागाकडे असते. लेखी मागा, सुनावणीच्या दहा दिवस आधी.

बोलायला तुम्हाला बहुधा तीन मिनिटं मिळतील. त्यात गळतीची चाचणी, तलाव भरलेला ठेवणं, आणि शिकलेल्या मुलांची संख्या एवढंच बोला. पॅड नको असं एकदाही म्हणू नका. टाक्याच्या जागी पॅड हवंच, असं तुम्हीच म्हणा, आणि हे वाक्य शक्यतो लहान मूल कडेवर असलेल्या आईकडून येऊ द्या.

राहिली बादलीची चाचणी. पार्क विभागाची परवानगी घेऊन ती तुम्हीही करू शकता, त्यांच्या माणसाला सोबत घ्या. पाऊस नसलेले दोन दिवस निवडा. तलावाच्या दुसऱ्या पायरीवर वजन घातलेली बादली ठेवा आणि आतलं पाणी बाहेरच्या पातळीइतकं भरा. आत आणि बाहेर, दोन्हीकडे चिकटपट्टीने खूण करा, फोटो काढा. पाणी भरणारा नळ बंद ठेवा, कुणाला पोहू देऊ नका. २४ तासांनी त्याच वेळी परत या. बादलीतलं जेवढं उतरलं ते उन्हाने नेलं. तलावातलं त्याहून जेवढं जास्त उतरलं ती गळती. पहिल्या दिवशी पंप चालू ठेवा, दुसऱ्या दिवशी बंद. चार फोटो होतील, ते मला पाठवा. पाइप आहे की भांडं, ते त्यावरून बरंच सांगता येईल.